ताईसाठी वेगळी प्रतिक्रिया

१४ सप्टेंबर

ताई,

कागदावर शेवटचं पत्र कधी लिहिलं होतं ते आठवत नाही. अक्षर बघून हसू नकोस. ते पहिल्यापासूनच गिचमिड, त्यात दिवसभर काचा कापून बोटं आखडलेली असतात.

तुझा नवा पत्ता पोस्टमनकाकांनी दिला. तेच, आपल्या ब्लॉगवाल्यांच्या कट्ट्यावरचे, निवृत्त झाल्यावर टपालाच्या वाटेवरल्या कुत्र्यांवर लिहिणारे. तू हॉस्पिटलच्या क्वार्टरमधून हललीस हे सख्ख्या बहिणीला ठाऊक नाही, आणि ज्यांना तू जन्मात भेटली नाहीस त्या माणसाकडे मजला, दार, पिनकोड, सगळं आहे. मी रागावले नाही. म्हणजे, रागावले, पण दोन दिवसच.

तुला फोनवर ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. आता माहीत आहे. जून आणि जुलै मी फोन करत राहिले. तो वाजून वाजून बंद पडायचा आणि मी म्हणायचे, बाईसाहेबांचा तोरा बघा. एकदा भावोजींना लावला, तर ते म्हणाले, "तिलाच विचार." विचारू कशी? तू मेलला उत्तर देत नाहीस. ब्लॉगही बंद केलास. उघडायला गेलं की "हे पान अस्तित्वात नाही" असं येतं. एवढी वर्षं लिहिलेलं सगळं एका दिवसात पुसून टाकलंस आणि का ते सांगितलंही नाहीस.

का ते मी ओळखू शकते. तो जूनमधला लेख. वॉर्डात पेशंटने मारलेली हाक तुला ऐकू येईनाशी झाली, स्टेथोस्कोपमधून ठोके लागेनात, म्हणून तू नोकरी सोडलीस, असं तू लिहिलं होतंस. फोनवरचं आता काहीच कळत नाही, तेव्हा बोलायचं असेल त्यांनी लिहावं, असंही. आणि त्याच्याखाली माझी प्रतिक्रिया: "ताई, किती सुंदर लिहितेस गं! फोनवर सविस्तर बोलू."

चुकलंच. पण मी तो लेख वाचला होता, ताई. घाईत वाचला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, एका लग्नाच्या फोटोला सोनेरी पट्टी लावावी की काळी यावर नवरा-बायकोचं भांडण चाललं होतं, आणि मी मध्येच फोन काढून भराभर नजर फिरवली. शेवट राहून गेला. माणसाच्या हातून एवढं होतंच की. तुझ्याकडूनही एकदा इंजेक्शन चुकीच्या दंडात दिलं गेलं होतं, तूच लिहिलं होतंस. त्यासाठी कुणी बहिणीला असं तोडतं का?

बाकी इकडे ठीक. दुकान चाललंय. शेजारचं झेरॉक्सचं दुकान बंद झालं, त्यामुळे दिवसभर त्याच्या मशीनची जी घरघर असायची तीही नाही. मागच्या खोलीत मी एकटी, पुढे रिकाम्या चौकटी. तुझं कसं चाललंय? कानाला मशीन लावतात ते तुला चालणार नाही का? डॉक्टर काय म्हणतात?

कागदाची एक पंचाईत आहे. पोचलं का, उघडलं का, वाचलं का, काही म्हणजे काही कळत नाही. नुसतं पेटीत टाकायचं आणि घरी यायचं.

तुझी,
शेंडेफळ

२६ सप्टेंबर

ताई,

बारा दिवस झाले. पोस्टमनकाका म्हणतात, तीन दिवसांत पोचतं. म्हणजे पोचलंय.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. सोनेरी की काळी यावर भांडणारं ते जोडपं आलं होतं हे खरं, पण ते दुसऱ्याच दिवशी. तुझा लेख मी घाईत वाचला नव्हता. वाचलाच नव्हता. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, पत्र पेटीत पडल्या क्षणापासून मला तेच खवखवतंय.

हे कसं झालं ते नीट सांगते. तू मध्येच उठून जाणार नाहीस, हा कागदाचा एक फायदा.

आठव, आपण कट्ट्यावर आलो तेव्हा अकरा-बारा जण होतो. तू वॉर्डबद्दल लिहायचीस. मी लोक काय काय फ्रेम करायला आणतात त्याबद्दल. पोस्टमनकाका, भूगोलाचे मास्तर, त्या बेकरीवाल्या बाई. एकेका लेखाखाली आपण पानपानभर लिहायचो. एका म्हाताऱ्याने बायकोची किराण्याची यादी फ्रेम करायला आणली होती, त्यावर मी लिहिलं, तर आठवडाभर चर्चा चालली की यादीत साबण दोनदा का. संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की मला वाटायचं, आता घरी माणसं येतील.

मग साइटवाल्यांनी तारे आणले. वाचकाने पान उघडलं की एक तारा, प्रतिक्रिया आली की तीन. दर सोमवारी पहिल्या वीस जणांची यादी, ऑगस्टअखेर वर्षाचा सन्मान. पहिल्या सोमवारी आपण सगळे हसलो होतो. मास्तर म्हणाले, "शाळेत आयुष्यभर मार्क दिले, आता म्हातारपणी मलाच परीक्षा." तिसऱ्या सोमवारी मास्तर चौथे होते आणि हसत नव्हते. मी सदतिसावी, यादीबाहेर.

देवघेव गट सुरू झाला तो माझ्या डोक्यातून. हे तुला माहीत नाही. तुला गटात घेतलं नाही, कारण तू मोडता घातला असतास. सकाळी सातला मी तीस लेखांच्या लिंक टाकायचे. दहाच्या आत प्रत्येकाने तिसांवर प्रतिक्रिया द्यायची आणि नावापुढे बरोबरची खूण करायची. दोन दिवस चुकला तो गटाबाहेर. दुकान उघडून, कचरा काढून, काचा पुसून तीस लेख कुठले वाचून होणार? म्हणून मी चाळीस तयार प्रतिक्रिया लिहून ठेवल्या. "विषयाची उत्तम मांडणी." "डोळ्यांत पाणी आलं." "असेच लिहीत राहा." क्रमाने चिकटवत जायचं, म्हणजे एकाला तीच परत जात नाही. नंतर तो कागद सगळ्यांनीच मागून घेतला. मी दिला, अभिमानाने दिला.

तू गटाच्या त्या यादीत नव्हतीस. तरी तुझ्या प्रत्येक लेखावर माझी प्रतिक्रिया असायची, कारण बाहेरच्या लेखावर दिली की जास्तीचे तारे मिळायचे. तुला त्या चाळिसातली द्यायला मला कसंसंच वाटलं. म्हणून तुझ्यासाठी वेगळी करून ठेवली. आपुलकीची. "ताई, किती सुंदर लिहितेस गं! फोनवर सविस्तर बोलू." एका बोटाने चिकटायची. बघ, तुझ्यासाठी मी किती केलं.

तुझा लेख मी वाचला तो जुलैच्या शेवटी. पोस्टमनकाकांनी मला निरोप पाठवला, "बहिणीच्या कानांचं कळलं. तुम्ही जाऊन आलात का?" मी म्हटलं, कसले कान? मग उघडला. दुकानातल्या स्टुलावर बसून दोनदा वाचला. शेवटच्या परिच्छेदात तू लिहिलं होतंस, "घरच्यांना फोन करून सांगता येत नाही, कारण ते पुढे काय म्हणतात ते मला ऐकू येणार नाही. पण माझी धाकटी बहीण इथे रोज येते. एकही लेख चुकवत नाही. तिला इथूनच कळेल."

ताई, तुला सांगायचं होतं ते तू सांगितलंस. माझ्या भरवशावर सांगितलंस. आणि तो भरवसा मी एका बोटाने चिकटवून चिकटवून तयार केला होता.

गट मी सोडलाय. सोडते असं लिहिलं, तर चौदा जणांचं उत्तर आलं, "खूप छान निर्णय! शुभेच्छा!" त्यातल्या सहा प्रतिक्रिया माझ्याच चाळिसातल्या होत्या. आपण दिल्या नाहीत की आपल्याला येत नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या ब्लॉगचा आकडा शून्यावर आला. मी तीनदा पान उघडून बघितलं. तिन्ही वेळा एकाने वाढला, ती मीच.

शेंडेफळ

३० सप्टेंबर

ताई,

आणखी एक गोष्ट राहिली आहे. आज ती लिहायला बसले होते. दुकानात गर्दी झाली म्हणून जमलं नाही, असं लिहिणार होते. गर्दी नव्हती.

८ ऑक्टोबर

ताई,

तू ब्लॉग त्या प्रतिक्रियेमुळे बंद केलास असा आव मी पहिल्या पत्रात आणला. खरं कारण मला कळत होतं. तारखेसकट कळत होतं.

तुझा लेख वाचला त्या दिवशी मी रडले, हे खरं आहे. खोटं रडणं असतं तर बरं झालं असतं, स्वतःची चीड तरी सरळ आली असती. रडत होते आणि रडता रडता मनात वाक्यं जुळत होती. पहिलं वाक्य कसं असावं, शेवटी काय असावं. तुला दोन ओळींची मेल करायची सोडून मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि लेख लिहिला. "माझ्या बहिणीचं हरवलेलं जग." लहानपणी तू दाराआड उभी राहून माझं घोकणं ऐकायचीस आणि चुकलं की आतून ओरडायचीस, ते घातलं. वॉर्डमधली ती हाक घातली. तुझ्या लेखातली चार वाक्यं जशीच्या तशी उचलली. आणि वर तुझा फोटो लावला, पांढऱ्या युनिफॉर्ममधला, मीच फ्रेम करून दिलेला. फोटो असला की लोक जास्त थांबतात.

त्यात असंही लिहिलं की मी रोज तुझ्याशी बोलते. तुझा हात धरून बसते. ताई, आपण शेवटचं भेटलो त्याला तेव्हा अडीच वर्षं झाली होती.

अकरा हजार लोक येऊन गेले. माझ्या पाच वर्षांच्या सगळ्या लेखांना मिळून एवढे आले नव्हते. सोमवारच्या यादीत मी पहिली. वर्षाचा सन्मानही मलाच, काचेचा एक तारा, खाली माझ्या ब्लॉगचं नाव कोरलेलं. तो कुरिअरने आला तेव्हा सही घेणाऱ्याने विचारलं, "कसला?" मी म्हटलं, लेखनाचा. घरात दुसरं कुणी नव्हतं सांगायला, म्हणून त्यालाच थांबवून सगळं सांगितलं. बिचारा, त्याला पुढे जायचं होतं.

तीनशे बारा प्रतिक्रिया. "उपयुक्त माहिती." "विषयाची उत्तम मांडणी." "तुमच्या बहिणीला सलाम, माझ्याही ब्लॉगला भेट द्या." बेकरीवाल्या बाईंनी लिहिलं, "डोळ्यांत पाणी आलं." ती माझी नववी. मी तीनशेच्या तीनशे वाचल्या, कारण त्या माझ्या होत्या. आता तुमची बहीण कशी आहे, असं एकानेही विचारलं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

पोस्टमनकाकांनी एकच ओळ लिहिली होती. "त्यांना विचारून लिहिलंत का?" ती मी काढून टाकली. तीन तारे गेले तरी चालतील म्हटलं. एवढा मोठेपणा केला.

तिसऱ्या दिवशी भावोजींचा फोन आला. "आमच्या ऑफिसात तिचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय. लोक येऊन माझं सांत्वन करतायत. तू तिला एकदा विचारायचंस." मी म्हटलं, अहो, चांगलंच लिहिलंय, सगळ्यांना आवडलंय. ते म्हणाले, "तिने वाचलंय. हात धरून बसतेस ते वाचून ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही." आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी तुझं पान दिसेनासं झालं.

हे सगळं झाल्यावरही मी तो लेख काढला नाही. दोन महिने ठेवला. रोज सकाळी उठून आकडा बघत होते. तू माझ्याशी बोलत नव्हतीस आणि मी तुझ्यावरच्या लेखाला किती जण आले ते मोजत होते. काढला तो आत्ता, गेल्या आठवड्यात, आणि तोही तेव्हा, जेव्हा कुणी येईनासं झालं होतं. बैल गेला आणि झोपा केला. तो तारा गोणपाटात गुंडाळून काचांच्या तुकड्यांच्या पिंपात टाकला. ते पिंप मंगळवारी उचलून नेतात.

एक मागायचं आहे. मागायला तोंड नाही, तरी मागते. तुझ्या ज्या लेखांवर मी तो शिक्का मारला ते मी माझ्या खात्यातल्या नोंदींवरून मोजलेत, चौसष्ट आहेत. ते मला वाचायचे आहेत. तुझ्याकडे कुठे उतरवून ठेवलेले असतील तर दे. वाचून काही लिहिणार नाही. कुणाला दाखवणार नाही. तू दोन वर्षं काय करत होतीस, काय बघत होतीस, कुठल्या दिवशी तुला पहिल्यांदा ऐकू आलं नाही, हे सगळं तू मला लेखालेखातून सांगत होतीस, आणि मला त्यातलं काही माहीत नाही. मला फार एकटं वाटतं, ताई. तुलाही वाटलं असेल. पण तुला तर वाटत होतं की मी तिथे आहे.

शेंडेफळ

२१ ऑक्टोबर

ताई,

तुझं कार्ड काल मिळालं. गिऱ्हाइकाची मापं घेत होते. गठ्ठ्यात वर तुझं अक्षर दिसलं आणि मी त्या माणसाला म्हटलं, उद्या या. तो म्हणाला, "मापं तरी पूर्ण घ्या." मी पुन्हा म्हटलं, उद्या या.

सहा ओळी आहेत. मला पाठ झाल्या आहेत. पत्रं मिळाली. सगळी वाचली. लेख उतरवून ठेवलेले नाहीत, पुसले ते पुसले. पत्रातून उत्तर देणार नाही, पत्रात तू फार चांगलं लिहितेस आणि मला आता चांगल्या लिहिण्याची भीती वाटते. बोलायचं असेल तर समोर ये. ओठ वाचायला शिकतेय, लांब वाक्यं कळत नाहीत.

त्यातली चौथी ओळ, चांगल्या लिहिण्याच्या भीतीची, मी पुन्हा पुन्हा वाचली. तुझं खरं आहे. मागचं पत्र लिहितानाही एक-दोन ठिकाणी मी थांबले होते आणि हे वाक्य जमलं असं मनाशी म्हटलं होतं. कुठली वाक्यं ते सांगत नाही, तुला कळली असतील.

चौसष्ट लेख गेले. ते ऐकून रडू आलं नाही. रडू येईल म्हणून वाट बघत बसले, तरी आलं नाही. नुसतं वाटलं की आता ते कधीच कळणार नाही आणि यावर काही उपाय नाही.

शनिवारी दुकान बंद ठेवते. दुपारच्या बसने निघेन, साडेचारपर्यंत पोचेन. राहायला येत नाही. तू म्हणशील तेवढा वेळ बसेन आणि शेवटच्या बसने परत जाईन. भावोजींना सांग, स्टँडवर यायची गरज नाही, पोस्टमनकाकांनी खुणेसकट पत्ता दिलाय.

पोस्टमनकाकांना विचारलं होतं, ओठ वाचणाऱ्या माणसाशी कसं बोलतात. त्यांच्या वाटेवर एक शिंपी होता तसा. ते म्हणाले, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं बसायचं, हात तोंडापाशी न्यायचा नाही, ओरडायचं नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगायची. समोरच्याला कळली का ते त्याच्या चेहऱ्यावर बघायचं. कळली नसेल तर तीच परत सांगायची, दुसऱ्या शब्दांत फिरवून नाही.

दुकानात एक मोठा आरसा पट्टी लावायला आला आहे. काल दुपारी मी त्याच्यासमोर बसून सराव केला. आधी मनातलं सगळं एका दमात बोलून पाहिलं, तर ओठांची नुसती वळवळ. मलाच काही वाचता येईना. मग एकेक काढून टाकत गेले. गिऱ्हाईक काढलं. तारे काढले. गट काढला. घाई काढली. एकटेपणासुद्धा काढला. तेही कारणच होतं शेवटी.

राहिलं ते एवढंच. शनिवारी तुझ्यासमोर बसून, उजेडात, हळू म्हणेन. तुला कळेपर्यंत म्हणेन, मग तू काय म्हणायचं ते म्हण.

मी वाचलं नव्हतं.